तिच्या बाजूचा ब्रेक

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी एका दवाखान्याच्या बाकाला रेक्झिन ठोकत होतो. तोंडात खिळे होते. फोन तिच्याच नंबरवरून आला, म्हणून खिळे न काढताच "हं" म्हणालो. पलीकडून दुसरीच कोणी बाई बोलत होती. म्हणाली, मी पोस्टात नोकरी करते, बाईंकडे गाडी शिकते, तुम्ही असाल तसे या. मी विचारलं, काय झालं. ती परत तेच म्हणाली, या तुम्ही. मागे गाडीच्या इंडिकेटरची टकटक ऐकू येत होती. ती टकटक ऐकूनच मला काय ते समजलं.

माझी बायको बायकांना गाडी चालवायला शिकवायची. स्वतःची गाडी, स्वतःची शिकवणी. शिकणारी स्टीअरिंगवर, आणि ही शेजारच्या सीटवर. तिच्या पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून घेतला होता. बावीस वर्षं ती त्या सीटवर बसली. मी सोफे, गाद्या, खुर्च्या शिवणारा माणूस, त्यामुळे मला सीटकडे बघून माणूस कळतो. त्या गाडीत ड्रायव्हरची सीट शंभर जणींनी वापरूनही तशी सपाटच होती. शेजारच्या सीटच्या फोममध्ये मात्र खड्डा होता, फक्त तिचा.

त्या दिवशी पोस्टातल्या बाई गाडी चालवत होत्या. बायकोचं डोकं एकदम काचेला टेकलं. बाईंनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग तिच्याकडे वळल्या. डॉक्टर म्हणाले, तेव्हा सगळं संपलेलं होतं. दिवसकार्याला येणारा प्रत्येक जण मला हेच सांगायचा, की बाईंनी किती व्यवस्थित गाडी थांबवली, शिकवलेलं वाया गेलं नाही. मला त्या व्यवस्थितपणाचाच राग आला. पोस्टातल्या बाईंचे फोन येत राहिले आणि मी ते उचलले नाहीत. शेवटी त्यांनी माझ्या लेकीला गाठून सांगितलं, आमच्या बाई जायच्या आधी काहीतरी बोलल्या, ते मला काकांनाच सांगायचंय. लेकीने निरोप दिला. मी बरं म्हणालो आणि तो विषय तिथेच ठेवला.

गाडी घरासमोर उभी राहिली. मला चालवता येत नाही. लग्नानंतर तिने मला एकदा शिकवायला घेतलं होतं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी गाडी वाळूच्या ढिगावर चढवली. ती इतकी हसली की तिला खाली उतरावं लागलं. "अहो, तुम्ही गाद्याच शिवा," म्हणाली. तेव्हापासून मी मागच्या सीटवर. ओळखीपाळखीत माझी टिंगल व्हायची, मास्तरीणबाईंचा नवरा पहिलीत नापास. मीही हसायचो. ती होती तोवर त्यात काही कमीपणा वाटला नाही.

ती गेल्यावर मी संध्याकाळी गाडीत जाऊन बसायला लागलो, तिच्या सीटवर. मग ताटही तिथेच न्यायला लागलो. एकदा लेकीने व्हिडिओवर फोन केला आणि जेवताना बघून म्हणाली, "बाबा, तुमच्या मागे सीटबेल्ट का दिसतोय?" मी फोन जरा वर धरला, बेल्ट दिसू नये म्हणून. ती लांब असते आणि तिचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं, त्यामुळे येणं शक्य नव्हतं. त्या आठवड्यात तिने ठरवून टाकलं की गाडी विकायची.

फोटो मी घरासमोरच काढले, जाहिरात तिने टाकली. आणि फोनवरून मला सगळं बजावलं. मी ते कापडाच्या मापाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं. घरचा पत्ता द्यायचा नाही. पोलीस चौकीसमोरच्या मैदानात भेटायचं, भर दुपारी, सोबत कोणालातरी घेऊन. चालवून बघू देण्याआधी गिऱ्हाइकाचं लायसन्स बघायचं आणि फोटो काढून मला पाठवायचा. अस्सल कागद घरीच ठेवायचे, झेरॉक्स दाखवायची. बँकेत पैसे आल्याची खात्री मी करीन, तोवर चावी द्यायची नाही. "आणि बाबा, आपली कहाणी सांगत बसू नका," ती म्हणाली. मी ते सगळं लिहिलं. हे शेवटचं लिहिलं नाही, कारण ते लिहिण्यासारखं वाटलं नाही.

एक गोष्ट मी लेकीपासून लपवली. वरच्या मजल्यावरचे मास्तर मला म्हणाले होते, शिकवणीची गाडी म्हटलं की लोक लांब पळतात, क्लचचं पार वाटोळं झालेलं असतं. फिटर म्हणाला, जादा पेडल काढून देतो, गाडी गॅरेजला आणा. आणणार कोण? तो येतो येतो म्हणाला आणि आला नाही. मग मी माझ्या धंद्याप्रमाणे वागलो. आमच्याकडे सोफ्याची फळी तडकली की सगळेच काही फळी बदलत नाहीत, वरून चांगलं कापड ताणून बसवतात. मी डॅशबोर्डच्या खालून काळ्या रेक्झिनचा पडदा सोडला, वेल्क्रोने चिकटवला, खालच्या मॅटला अगदी जुळणारा. पेडल त्यामागे गेले. वाकून हात घातल्याशिवाय कोणाला कळलं नसतं. शिलाई इतकी सरळ आली की मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

आठ-दहा फोन आले. कोणी पाडून मागायचा, कोणी नुसताच चौकशी करायचा. मग एकाचा फोन आला. आवाज मऊ होता. टाइल्स बसवायचं काम करतो म्हणाला. किंमत विचारलीच नाही. म्हणाला, "काका, एवढी जपलेली गाडी विकताय का?"

ती गेल्यापासून मला कोणी एवढ्या शांतपणे काही विचारलं नव्हतं. मी बोलायला लागलो. बायको गेली हे सांगितलं. मला गाडी येत नाही हे सांगितलं. लेक लांब असते, घरी मी एकटा, तळमजला, दिवसभर दुकानात, दुपारी जेवायला येतो, हेसुद्धा. तिची कपाटं अजून उघडवत नाहीत, तिचं सगळं आहे तिथेच आहे, हेही. तो मध्येमध्ये "अरेरे" म्हणायचा, किंवा "मग?" म्हणायचा. फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता. दुकानात शिवायला बसलो आणि मशीनवर पाय ठेवल्यावर लक्षात आलं, की त्याने मला विचारायचं ते सगळं विचारलं आणि मी त्याचं नावही विचारलं नाही.

तिथून भीतीला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी दोनदा फोन आला. पलीकडे कोणी बोललं नाही, नुसता रस्त्याचा आवाज. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर समोरच्या फुटपाथवर टोपी घातलेला एक माणूस उभा. तो गाडीकडे बघत नव्हता. तो आमच्या खिडक्यांकडे बघत होता, एक झाली की दुसरी. मी कुलूप काढेपर्यंत निघून गेला. मी स्वतःला समजावलं, रस्ता सगळ्यांचा आहे. तरी त्या दिवशी जेवताना मी दाराकडे तोंड करून बसलो.

टाइल्सवाल्याचा पुन्हा फोन आला. मी चिठ्ठी समोर धरून म्हणालो, चौकीसमोरच्या मैदानात भेटू. मला वाटलं तो आढेवेढे घेईल. तो लगेच म्हणाला, "हो हो, तिथेच बरं पडेल. आणा गाडी."

मी म्हणालो, आणायची कशी, मला येत नाही.

"मग कोण आणणार?"

गाडी आणू शकेल असं एकच माणूस मला माहीत होतं. पोस्टातल्या बाई लायसन्सची परीक्षा पास झाल्या होत्या, लेकीने सांगितलं होतं. गाडी त्यांच्या हातातली होती. मी फोन कानाशी धरून तिथेच उभा राहिलो. त्यांना बोलवायचं म्हणजे त्यांचं तोंड बघायचं, आणि त्यांना जे सांगायचं होतं ते ऐकून घ्यायचं. मी म्हणालो, कोणी नाही.

"मग मीच येतो ना घरी," तो म्हणाला. "तुम्हाला कशाला त्रास." पत्ता त्याने विचारला नाही. ते मला नंतर आठवलं.

गुरुवारी चार वाजता यायचं ठरलं. मास्तर सोबत बसतो म्हणाले, त्यांनी तेवढ्यासाठी डोळ्याच्या डॉक्टरांकडची वेळ दोनची करून घेतली. गुरुवारी अडीच वाजता बेल वाजली. दारात टाइल्सवाला, मागे टोपीवाला. तोच तो, फुटपाथवरचा. टाइल्सवाला पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हात स्वच्छ. टाइल्स बसवणाऱ्याच्या नखांत सिमेंट असतं, चार दिवस घासलं तरी जात नाही. हे मी दारातच बघितलं. आणि तरी त्याने "काम लवकर आटपलं, म्हटलं काकांना ताटकळत कशाला ठेवा" म्हटल्यावर मी "या या" म्हणालो. आपण माणसाला दारात उभं ठेवत नाही. कोणावर संशय घेतला आणि तो खोटा निघाला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ही भीती माझ्या दुसऱ्या भीतीपेक्षा मोठी होती. या वयाला एवढं तरी कळायला हवं होतं.

मी लायसन्स मागितलं. त्याने सगळे खिसे चाचपले आणि हसून म्हणाला, मित्राने इथपर्यंत सोडलं, त्याच्याच गाडीत राहिलं, संध्याकाळी फोटो पाठवतो. मी मास्तर येईपर्यंत थांबू म्हणालो. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "काका, एक चक्कर. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि यायचं. मास्तर येईपर्यंत आपण परत."

चावी द्यायची तर ती बायकोच्या जुडग्यात होती. गाडीची, घराच्या दाराची, तिच्या कपाटाची, सगळ्या एका कडीत, आणि कडीला मी शिवलेला लाल रेक्झिनचा तुकडा. आमच्या पहिल्या सोफ्यातून उरलेला. गाडीची चावी सुटी करावी म्हणून मी आदल्या दिवशी कडीत नख घातलं होतं. कडी उघडली नाही असं नाही. मीच जोर लावला नाही. तिने लावलेल्या क्रमाने त्या चाव्या होत्या. मी अख्खा जुडगा त्याच्या हातावर ठेवला.

तो स्टीअरिंगवर बसला, टोपीवाला मागे. मी शेजारी, तिच्या जागेवर. टोपीवाल्याने कागद मागितले, म्हणाला, चक्कर होईतो वाचून काढतो. झेरॉक्स घरात टेबलावर होत्या. माझ्या हातात अस्सल कागदांची फाइल होती, कारण घरात एकटी ठेवून जायची भीती वाटली होती. मी ती मागे दिली. चिठ्ठीवरची एकेक ओळ मी माझ्या हाताने मोडत होतो आणि मोडताना मला ते दिसत होतं.

गाडी त्याने चांगली चालवली. टाकीचा रस्ता आला आणि तो उलट्या बाजूला वळला.

"टाकी तिकडे राहिली," मी म्हणालो.

"जरा मोठ्या रस्त्याला पळवून बघू. इंजिन तिथे कळतं."

मी खिडकी खाली करायला गेलो, काच हलली नाही. दारांची कुलपं त्याने त्याच्या बाजूने लावली होती. मी विचारलं नाही का लावली. मला वाटलं, मी विचारलं तर तो उत्तर देईल, आणि उत्तर दिल्यावर पुढचं सुरू होईल.

"काकू गेल्यापासून घरी कोणाचं येणं-जाणं नसतं ना?" तो म्हणाला. "परवा बोललात तुम्ही."

मी म्हणालो, मास्तर येतात.

"ते चारला," तो म्हणाला.

ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. मी डोक्यावरची उन्हाची झडप खाली ओढली. तिच्या आतल्या बाजूला बायकोने एक गोल आरसा चिकटवलेला होता, शिकवताना मागची वाहनं दिसावीत म्हणून. मी पेडल झाकले होते, तो आरसा विसरलो होतो. आरशात टोपीवाला दिसला. फाइल त्याने वाचायला उघडलीच नव्हती, शेजारी ठेवली होती. त्याच्या मांडीवर खोकी बंद करतात त्या रुंद चिकटपट्टीचं भेंडोळं होतं. तो अंगठ्याच्या नखाने त्याचं टोक शोधत होता.

ती पट्टी माझ्या दुकानात रोज लागते. टोक सापडायला वेळ लागतो, नख पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. माणूस ते उगाच शोधत नाही. पुढच्या मिनिटाला काहीतरी चिकटवायचं असेल तरच शोधतो. माझे हात मांडीवर होते. मी ते बघत राहिलो. ते मला दुसऱ्याच कोणाचे वाटायला लागले.

पुढे रस्ता कुठे जातो ते मला माहीत होतं, मागच्या सीटवरून का होईना, शेकडो वेळा गेलो होतो. आधी बस डेपो. त्यानंतर बंद पडलेली गोदामं, आणि त्यानंतर काहीच नाही. डेपो डाव्या हाताला दिसायला लागला. फाटकातून एक बस बाहेर येत होती, एक आत जायला थांबली होती. बायको प्रत्येक शिष्येला इथे एक वाक्य सांगायची, "जगात कुठेही गाडी बंद पाड बयो, पण डेपोच्या फाटकात नको. ते ड्रायव्हर सात पिढ्यांचा उद्धार करतात." मागे बसून मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळा आला होता.

मी पाय पडद्याखाली सरकवला. वेल्क्रो सुटल्याचा आवाज झाला. मला तो केवढा तरी वाटला. टाइल्सवाल्याने मान वळवली नाही. बूट पेडलला लागला, पण कुठल्या? आतला की बाहेरचा? त्या एका दिवशी, वाळूच्या ढिगाआधी, तिने मला हे शिकवलं होतं आणि मी लक्ष दिलं नव्हतं. मागे चिकटपट्टी ओढल्याचा लांब आवाज आला. फाटक समोर आलं आणि मी एका पेडलवर सगळा भार टाकून जवळजवळ उभा राहिलो.

गाडी जागच्या जागी गचकली आणि बंद पडली. टोपीवाला पुढच्या सीटवर येऊन आदळला. बरोबर फाटकाच्या तोंडात. बाहेर येणारी बस आमच्या नंबरप्लेटपाशी थांबली आणि तिने हॉर्न दिला तो सोडलाच नाही.

"काय झालं हिला?" टाइल्सवाला म्हणाला. त्याने चावी फिरवली. इंजिन लागलं, क्लच सोडला, पुन्हा बंद पडलं. मी पाय काढला नव्हता. त्याने परत लावलं, परत बंद. मागून आणखी एक बस आली. बाहेरच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरला आणि बॉनेटवर हात आपटून म्हणाला, "काय पाहुणे, इथेच संसार मांडायचा विचार आहे का?"

टाइल्सवाला काचेतून हसून त्याला हात करत होता, बंद पडली, बंद पडली. मला ओरडायचं होतं. तेवढ्यात त्याचं लक्ष खाली गेलं. लोंबणारा पडदा त्याने बघितला, मग माझा पाय. मग त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माप चुकल्यावर मी कापडाकडे बघतो तसं. दोन कंडक्टर आणि फलाटावरची दहा-पंधरा माणसं जवळ आली होती. त्याने जुडगा काढून खिशात टाकला, कुलपं उघडली आणि उतरला. टोपीवाला फाइल बगलेत घेऊन दुसऱ्या दाराने उतरला. दोघं डेपोतल्या गर्दीत चालत गेले, पळाले नाहीत.

"अहो, मालक चालले कुठे?" बसचा ड्रायव्हर म्हणाला.

"मालक मी आहे," मी म्हणालो. तेवढंच बोलता आलं.

कंडक्टर गाडी ढकलून बाजूला करायला लागले तर गाडी हलेना. ड्रायव्हर माझ्या दाराशी आला, वाकून बघितलं, आणि माझा गुडघा दोन्ही हातांनी धरून पाय उचलून ब्रेकवरून काढला. मला तो काढता येत नव्हता. मग शिव्या न देता त्याने मला त्याच्या बाटलीतलं पाणी पाजलं.

चौकीत हवालदारांनी सगळं लिहून घेतलं. मागच्या सीटखाली पट्टीचं भेंडोळं सापडलं, ते त्यांनी पिशवीत घातलं. त्या माणसाचं नाव काय, विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. राहतो कुठे? माहीत नाही. फोन लावून बघितला, तो बंद. मग त्यांनी विचारलं, "आणि तो तुम्हाला किती ओळखतो?"

"सगळं," मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

घराची माझी चावी माझ्या खिशात होती, तरी मला दार उघडवेना. मास्तर डोळ्यांत औषध घालून आलेले, त्यांना धड दिसत नव्हतं, पण माझ्याआधी तेच आत गेले, भिंतीला हात लावत. काही हललेलं नव्हतं. तिचं कपाट बंद होतं. मी पलंगाखाली बघितलं, दारामागे बघितलं, मग पुन्हा पलंगाखाली बघितलं. मास्तर म्हणाले, आता कुलूपवाल्याला बोलवा.

कुलूपवाला दिवस मावळायच्या आत आला. जुनं कुलूप काढायला त्याने ड्रिल लावलं. त्या आवाजात माझा फोन वाजला. नंबर नवा होता. मला वाटलं लेक असेल, दुसऱ्या कोणाच्या फोनवरून. तोच मऊ आवाज.

"काका, एवढं सगळं सांगितलंत. ब्रेकचं तेवढं नाही सांगितलंत."

मी ड्रिलकडे पाठ केली.

"काकूंचा जुडगा आहे माझ्याकडे. आणून देऊ का घरी?"

मी फोन कानाला तसाच धरून उभा होतो. तो म्हणाला, "कुलूप बदलताय वाटतं. आवाज येतोय."

ड्रिलचा आवाज त्याला फोनमधून येत होता की रस्त्यावरून, ते मला कळलं नाही. खिडकीपाशी जाऊन बघायचं माझं धाडस झालं नाही. त्याने फोन ठेवला.

याला आता पाच आठवडे झाले. हवालदार तो नंबरही घेऊन गेले, तोही बंद लागतो. लेकीला मी सगळं सांगितलं, पडद्यासकट. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, मी येते. बाळाला घेऊन येऊ नको म्हणालो. हे कारण मात्र सांगितलं नाही, की या घरात आत्ता बाळ नको. फिटर अखेर आला आणि गाडी टो करून घरासमोर आणून लावली. बॅटरी काढून ठेवली, म्हणजे चावी असली तरी ती नेता येणार नाही. तो पेडल काढायला वाकला, तेव्हा मी नको म्हणालो. पडदा मी स्वतःच फाडला. मी गाडीत जेवत नाही आता. दाराकडे तोंड करून जेवतो, आणि इंडिकेटरसारखी टकटक कुठूनही आली की घास तसाच राहतो.

दुसरी जाहिरात लेकीने लिहून ठेवली आहे. त्यात पहिल्याच ओळीत आहे की गाडी शिकवणीची आहे, दोन ब्रेक आहेत. चौकीसमोरचं मैदान, दुपारची वेळ, लायसन्स आधी. हवालदार म्हणाले, मी स्वतः येऊन उभा राहीन, तुम्ही गाडी तेवढी तिथे आणा. पोस्टातल्या बाईंचा परवाही फोन येऊन गेला. त्यांनी मास्तरांकडे चिठ्ठी ठेवली आहे, केव्हाही सांगा, गाडी मी आणते, बोलायचं नसेल तर बोलणार नाही. ती चिठ्ठी मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, दोऱ्यांच्या रिळांवर, रोज हाताला लागेल अशी.

कागदांच्या नकला मिळायला अर्ज दिला आहे. गाडीची कुलपं बदलायची आहेत. पोस्टातल्या बाईंना फोन करायचा राहिला आहे.